ह्यांचं डावं, माझं उजवं

दहा दिवसांची सुट्टी, वाटेत लागतील तेवढी बेटं, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी एका शब्दात उत्तर: हो की नाही. "हो" म्हणजे आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या चार वर्षं आधीच नोकरी सोडायची, घर भाड्याने द्यायचं, माझं शिवणाचं दुकान बंद करायचं आणि बंदरात हेरून ठेवलेली एक जुनी शिडाची बोट घेऊन उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचं. "नाही" म्हणजे हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. दोघांचं "हो" आलं तरच "हो". एकाचं जरी "नाही" निघालं तरी कारभार आटोपला. नोकरी सोडण्याचा अर्ज ह्यांनी लिहून, सही करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. माझं "नाही"ही घरूनच तयार होतं. ते पिशवीत घालायची गरज नव्हती, एवढाच फरक.

मला कुणी दुष्ट म्हणू नये. वीस वर्षं मी ह्या बोटीबरोबर संसार केलाय. आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं लावतात. कुठली बस कुठल्या फलाटावरून किती वाजून किती मिनिटांनी सुटणार, हे ज्या टेबलावर ठरतं ते टेबल ह्यांचं. असा माणूस एकदा रद्दीच्या दुकानातून अर्धं मुखपृष्ठ उडालेलं एक पुस्तक घेऊन आला. शिडाची बोट कशी चालवावी, आकृत्यांसह. त्या दिवसापासून माझं डोकं खायला सुरुवात झाली. भाजी निवडताना वारा, कपडे वाळत घालताना वारा. "ही चादर बघ, अशीच फुगते शिडं," असं म्हणून हे गच्चीवर उभे राहायचे आणि चादर वाळायची तशीच राहायची. हे स्वतः मात्र आयुष्यात एकदाच बोटीत बसले होते, बागेतल्या तळ्यात, पायडल मारायच्या. तीही बदकाच्या आकाराची होती.

गेली दोन वर्षं तर दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत सराव चालायचा. खोली केवढी, तर सोफा, समोर माझं शिवणाचं स्टूल आणि मधे टीपॉय. हे सोफ्यावर बसायचे, काखेत झाडूचा दांडा. ते सुकाणू. मी समोर स्टुलावर, ह्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांत पडद्याच्या दोऱ्या. ते शिडाचे दोर. बोटीच्या पुढच्या शिडाला दोन दोर असतात म्हणे, एक डाव्या अंगाने मागे येतो, एक उजव्या. वळताना एक सोडायचा आणि दुसरा ओढायचा. हे "डावा ओढ!" म्हणायचे आणि डावा हात उंचावून दाखवायचे. मी समोर बसलेली, मला त्याच बाजूचा दोर ओढायचा. माझ्या त्या बाजूला माझा उजवा हात. असं करत करत मला इतकी सवय झाली, की "डावा" ऐकलं की माझा उजवा हात आपोआप मागे यायचा. लेक माहेरी आली की दारातूनच म्हणायची, "बंदरात आहात की समुद्रात? चप्पल कुठे काढू?"

तर असे आम्ही दोघं अनुभवी खलाशी सुट्टीत त्या बंदरावर दाखल झालो.

सुट्टीपुरती भाड्याने घेतलेली बोट बसएवढी लांब होती, पण आतली जागा बसच्या मागच्या सीटएवढी. झोपायला दोन बाक, वाकून शिरायचं एक न्हाणीघर, आणि लाटेबरोबर झुलणारी एक शेगडी, जिच्यावरचं भांडं मात्र सरळ राहायचं. ती शेगडी मला पहिल्या क्षणापासून आवडली, पण मी बोलले नाही. बोटीची मालकीण आणि कप्तान एकच, चाळिशीची, उन्हाने रापलेली, शब्द मोजून वापरणारी बाई. अंगात पुरुषी शर्ट, त्याची कॉलर एका बाजूने उसवलेली. बोटीपेक्षा आधी मला ती कॉलर दिसली. धंद्याची खोड, दुसरं काय.

"आधी चालवली आहे का कधी?" कप्तानने विचारलं.

"दोन वर्षांचा सराव आहे," हे म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं.

बंदराबाहेर मोकळ्या पाण्यात आल्यावर कप्तानने सुकाणू ह्यांच्या हातात दिलं आणि दोर माझ्या. ह्यांची छाती दोन इंच पुढे आली. वीस वर्षं ज्या वाक्यासाठी माणूस जगला, ते वाक्य ह्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "वळतोय! उजवा सोड, डावा ओढ!"

मी सगळा जीव लावून डावा सोडला आणि उजवा ओढला. कारण आता आम्ही दोघंही पुढे तोंड करून बसलो होतो, आणि ही गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. शीड उलट्या अंगाने फुगलं, बोट जागच्या जागी गरकन फिरली, आत कपबशा धडाधड खाली आल्या आणि भाताच्या भांड्याचं झाकण घरंगळत थेट दारापर्यंत आलं. "डावा! अगं डावा!" हे ओरडत होते. "डावाच ओढतेय!" मी ओरडत होते आणि उजवा आणखी जोरात ओढत होते.

कप्तानने शांतपणे येऊन दोर माझ्या हातातून काढून घेतला, बोट सरळ केली आणि मग विचारलं, "कुठे शिकलात तुम्ही दोघं?"

"बाहेरच्या खोलीत," मी म्हटलं. सोफा, स्टूल, टीपॉय, सगळं सांगितलं. ती बाई पोट धरधरून हसली. पुढचे नऊ दिवस मी तिला इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

उपाय तिनेच काढला. मागे, सुकाणूसमोर केबिनची भिंत होती, तिला पाठ टेकून मी बसायचं, ह्यांच्याकडे तोंड करून, अगदी घरच्यासारखं. दोर माझ्या दोन्ही बाजूंना हाताशी येतच होते. आणि काय सांगू, सगळं सुतासारखं सरळ झालं! हे म्हणायचे "डावा", माझा उजवा हात चालायचा, आणि बोट लोण्यातून सुरी फिरावी तशी वळायची. कप्तानने मान हलवली. "असं कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं," ती म्हणाली, "पण चाललंय ना, चालू दे."

चाललं होतं खरं. फक्त एक झालं. समुद्र, बेटं, पुढून येणारं सगळं माझ्या पाठीला, आणि समोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ह्यांचा चेहरा.

आणि तो चेहरा बिघडत चालला होता. पहिल्या दुपारी पिवळट झाला, दुसऱ्या दिवशी धुवून धुवून विटलेल्या अस्तरासारखा करडा. दर पंधरा मिनिटांनी हे म्हणायचे, "हवा काय सुंदर आहे!" कपाळावर घामाचे थेंब, ओठ आवळलेले, आणि हवा सुंदर. मधेच सुकाणू कप्तानकडे देऊन "मासे बघतो जरा" म्हणत पलीकडच्या कठड्यावर ओणवे व्हायचे. बराच वेळ मासे बघून आले की डोळे लाल. मी विचारायची, "दिसले का?" हे म्हणायचे, "पुष्कळ."

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. माझं घर वाचलं, माझं दुकान वाचलं, आणि मला "नाही" म्हणायचा वाईटपणासुद्धा घ्यावा लागणार नाही. तिसऱ्या दिवशी टाळ्या थांबल्या. त्या चेहऱ्याकडे आठ-आठ तास बघून बघा, मग कळेल. ह्यांना बोटीचा नाद सोडून द्यायचा नव्हता. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं, आणि ते पोटात राहत नाही, एवढी साधी गोष्ट होती. पण हे मूग गिळून बसले होते, आणि मी विचारलं असतं तर "हवा सुंदर आहे" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

चौथ्या दिवशी एका बेटाजवळ फोनला रेंज आली. लेकीने विचारलं, "बाबा खुश आहेत ना?"

"खुश आहेत," मी म्हटलं.

"आणि तू?"

"माझं काय, मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसलेय दिवसभर."

"अजूनही?" लेक म्हणाली आणि खिदळली. तिला वाटलं, आईबाबांना बोटीवर नव्याने पालवी फुटली. मी काही खुलासा केला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हे बाकावरून उठलेच नाहीत. कप्तानने गोळी दिली, बादली उशाशी ठेवली. "झोपू द्या साहेबांना," ती म्हणाली. "आज लांबचा पल्ला आहे. ताई, तुम्ही या वर."

मी वर गेले आणि सवयीने केबिनच्या भिंतीला पाठ टेकून बसले.

"तिकडे कोण आहे आता?" कप्तानने विचारलं. समोर सोडलेलं सुकाणू होतं, त्याच्या मागे पाण्याचा पांढरा पट्टा. "इकडे येऊन बसा. हे धरा. आणि तोंड पुढे."

"मला नाही येत हो."

"शिवणाचं मशीन येतं ना? तेवढं येईल."

मी सुकाणू धरून पुढे तोंड केलं.

आता हे कसं सांगायचं? चार दिवस एवढं सगळं माझ्या पाठीमागे होतं आणि मला पत्ता नव्हता. समोर तीन बेटं एकामागे एक उभी होती. पहिलं हिरवं, इतकं जवळ की माडांच्या झावळ्या मोजाव्यात. दुसरं निळसर. तिसरं आहे की ढग आहे, ते ठरत नव्हतं. पाणी खोल तिथे गडद, उथळ तिथे काचेच्या बाटलीसारखं हिरवं, आणि कुठलं कुठे सुरू होतं त्याची रेघ स्पष्ट दिसत होती, कापडावर खडूने मारावी तशी. इतके दिवस मानेवर लागणारा वारा पहिल्यांदा तोंडावर आला. मला एकदम मोठ्याने काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मी नुसतीच "अगं बाई" म्हटलं.

सुकाणूचं म्हणाल तर कप्तान बरोबर बोलली होती. मशीनखालून कापड जाताना त्याला ओढायचं नसतं, नुसता हात ठेवायचा असतो. जरा जोर केला की टीप वाकडी. सुकाणूही तसंच. मी दोन-तीनदा जोर केला, बोट वाकडी गेली. मग हात सैल सोडला, आणि बोट आपण होऊन जायला लागली. कप्तान शेंगदाणे खात बसली होती. एकदाही तिने हात पुढे केला नाही. चार तास मी ती बोट चालवली. चार तासांत मला घर आठवलं नाही, दुकान आठवलं नाही, गिऱ्हाईकांचे अडकलेले पडदे आठवले नाहीत. आणि खरं सांगायचं तर, खाली बाकावर झोपलेले हेसुद्धा आठवले नाहीत.

दुपारी नांगर टाकल्यावर हे भिंतीला धरून वर आले. "कसं झालं?" विचारलं.

"ठीक," मी म्हटलं. "जरा कंटाळवाणं."

हे मी का म्हटलं, तेव्हा मला कळलं नाही. लपवून काही खाल्ल्यावर लहान मूल तोंड पुसतं, तशी मी दोरांची वेटोळी करत बसले.

त्यानंतर असं सुरू झालं की सकाळी हे खाली, मी वर. बेट आलं की हे उतरायचे आणि पायाला जमीन लागताच माणसात यायचे. झाडाखाली बसून दोन दोन ताटं भात खायचे, बेटावरच्या माणसांशी गप्पा मारायचे, विहिरीला पाणी किती, शाळेत मुलं किती, सगळी चौकशी करायचे. मी मात्र सारखी बोटीकडे बघायची. जमीन मला हलल्यासारखी वाटायची, म्हणजे ती हलत नव्हती, हीच पंचाईत होती.

सातव्या दिवशी मोठं शीड मधल्या जोडावर उसवलं. कप्तानने शिवी घातली आणि इंजिन सुरू करायला निघाली. मी म्हटलं, थांबा, बघू तरी. असलं जाड कापड मी कधी शिवलं नव्हतं, पण उसवलं ते शेवटी उसवलेलंच असतं. तिने जाड सुई दिली, मेण लावलेला दोरा दिला आणि सुई रेटायला तळहातावर बांधायची चामड्याची पट्टी दिली. किनाऱ्यावर सावलीत शीड पसरून मी दुहेरी टीप घालत बसले. आधीची शिवण कुणा घाईच्या माणसाची होती, टाके लांब लांब. मी सगळी उसवून पुन्हा घातली. हात थांबत नाही म्हटल्यावर कप्तानचा शर्टही उतरवून घेतला आणि ती कॉलर एकदाची जागेवर बसवली. सात दिवस ती मला छळत होती.

कप्तानने जोड दोन्ही हातांनी ताणून बघितला. "सीझनमध्ये माझ्या तिन्ही बोटींची शिडं उसवतात," ती म्हणाली. "शिवणारं माणूस मिळत नाही. शिवेल आणि चालवेलसुद्धा असं तर नाहीच नाही. तुम्ही राहा ना इथे."

"ह्यांना विचारावं लागेल," मी सवयीने म्हटलं.

"त्यांना कशाला? टीप तुम्ही घालणार."

हे दहा पावलांवर बसले होते. ह्यांनी ऐकलं असावं. उठून जवळ आले. माझी टीप पहिल्यांदाच बारकाईने बघितली.

नवव्या दिवशी आम्ही शेवटच्या बेटावर आलो. हे बेट मोठं होतं, तिथे सिमेंटचा धक्का होता आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला जिथे पोचायचं होतं त्या बंदराला जाणारी फेरीबोट होती. कप्तान पाणी भरायला गेली. मी दोर बांधून वर आले तर हे फेरीच्या फलकासमोर उभे होते, हात मागे बांधून, अगदी डेपोत उभे असतात तसे.

"अगं, इकडे ये. हे बघ. दहा चाळीसची तिकडून येणारी, आणि दहा चाळीसचीच तिकडे जाणारी. धक्का एकच. मग एक बोट काय दुसरीच्या डोक्यावर उभी करणार?" ह्यांचे डोळे चमकत होते. "आणि रविवारची ही फेरी बघ. ही रिकामी परत येते, मी लिहून देतो. पाऊण तास पुढे घेतली ना, तर बाजाराची सगळी माणसं हिलाच मिळतील." ह्यांनी खिशातून पेन काढलं आणि बसच्या जुन्या तिकिटाच्या मागच्या बाजूला उभ्या-आडव्या रेघा मारायला लागले.

नऊ दिवस मी हा चेहरा बघत होते, पण असा एकदाही बघितला नव्हता. मग ह्यांचा हात थांबला. हे धक्क्यावरच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. ऊन उतरलं होतं, समोर आमची बोट डोलत होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मला नाही जमत गं," हे म्हणाले. "पहिल्या तासातच कळलं होतं. म्हटलं, उद्या जमेल. उद्या जमेल म्हणत नऊ दिवस गेले. नुसतं पोटाचं नाही. मला तिथे काही कळतच नाही. कधी पोचणार, विचारलं तर कप्तान म्हणते, वाऱ्याला विचारा." ह्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. "वीस वर्षं तुला छळलं. माझं उत्तर 'नाही' आहे."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. घर राहिलं, दुकान राहिलं, आणि सगळं ह्यांच्याच तोंडून. त्याऐवजी माझं डोकं भडकलं.

"नाही म्हणजे काय?" मी म्हटलं. "वीस वर्षं! रविवारच्या रविवार स्टुलावर बसवून हातात दोऱ्या दिल्यात. लेकीने थट्टा केली, शेजारणीने थट्टा केली, मी दोऱ्या ओढत राहिले. आणि आता म्हणता नाही? नऊ दिवसांत? गोळ्या बदलून बघा, दुसरी बोट बघा, मोठी बघा, माणसाला सवय व्हायला वर्ष लागतं..."

"अगं, पण तुला तर नकोच होतं."

"नको होतंच! हवं होतं म्हणतंय कोण?"

"मग ओरडतेस कशाला?"

शेजारच्या बाकावरची दोन माणसं आमच्याकडे बघत होती. मी पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली आणि पाण्याकडे बघत बसले.

"तुझं उत्तर काय?" ह्यांनी विचारलं.

"उद्या द्यायचं ठरलंय."

"आज सांग."

"नाही" म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. दोघांचं सारखं उत्तर, दोघं एकत्र घरी, हसून विषय संपला असता. ह्यांनाही बरं वाटलं असतं, आपण एकटेच हरलो नाही म्हणून. मी तोंड उघडलंसुद्धा त्यासाठीच.

"हो," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळून बसले. मग विचारलं, "कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून."

"मी खाली झोपलो होतो तेव्हा."

"हो."

"म्हणजे मी वर नसताना."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही वर नसताना." आणि मग मला रडू आलं, कारण हे वाक्य इतकं खरं होतं की ते परत घेता येणार नव्हतं, आणि मला ते परत घ्यायचंही नव्हतं.

ह्यांनी रुमाल दिला. तो वापरलेला होता, पण होता. "दोघांचं 'हो' नाही," हे म्हणाले, "म्हणजे बोट घ्यायची नाही."

"नाही घ्यायची."

"घर राहील."

"राहील."

आम्ही दोघं जिंकलो होतो म्हणायचं की हरलो होतो, कोण जाणे. दिवे लागायच्या आत कप्तानने जेवायला हाक मारली. जेवताना हे म्हणाले, "उद्या मी फेरीने जातो. तू बोटीने ये."

"तुम्हाला सोडून कशी येऊ मी?"

"जशी पाचव्या दिवशी आलीस तशी."

हा टोमणा असता तर मी भांडले असते. पण नऊ दिवसांत मला तो चेहरा पाठ झाला होता, आणि त्यात टोमणा नव्हता.

सकाळी मी ह्यांना फेरीपर्यंत सोडायला गेले. तिकीट काढून झाल्यावर ह्यांनी बॅगेच्या तळातून अर्ज काढला, खिडकीशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि पिशवी चांगली आहे म्हणून घडी करून खिशात ठेवली. "तो फलक जो लिहितो त्याला सांगून आलो," हे म्हणाले. "बदलतो म्हणालाय." मग जरा थांबून म्हणाले, "कप्तानला सीझन कधी सुरू होतो ते विचारून घे. दुकान पंधरा दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. माझं जेवण मी करीन."

"भात तेवढा येतो तुम्हाला."

"भात खाईन मग."

एवढं बोलून हे फेरीत चढले. मी वळून बोटीवर आले.

नांगर उचलला, शीड वर गेलं. मी घातलेला जोड वाऱ्याने टच्च फुगला आणि एक टाका हलला नाही. सुकाणू माझ्या हातात होतं. फेरीबोट भोंगा वाजवून शेजारून निघून गेली. तिच्या मागच्या कठड्याला हे उभे होते. ह्यांनी हात हलवला, मी हलवला. मग फेरी बेटाच्या टोकाला वळली आणि पाणी पुन्हा सपाट झालं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांच्याशिवाय कुठेतरी जात होते. वाईट वाटत होतं, आणि त्याच्या दुप्पट आनंद होत होता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वारा मंद होता. कप्तानने आकाशाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"फेरी दोन तासांत पोचेल," ती म्हणाली. "ह्या वाऱ्यावर आपल्याला सात लागतील. इंजिन लावू का? साहेब बंदरात वाट बघत बसतील."

ह्यांना मी आजवर कधी पाच मिनिटंसुद्धा ताटकळत ठेवलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "बघू देत."